सीझर हे नाव शस्त्रक्रियेतून आलेले नाही

‘ज्युलियस सीझर आईचे पोट चिरून जन्मला म्हणून त्याचे नाव सीझर पडले, तोच रोमचा पहिला सम्राट, आणि कैसर (जर्मन सम्राट), झार (रशियाचे सम्राट) हे सगळे त्याचेच वंशज’ असा मजकूर हल्ली सर्रास पुढे पाठवला जातो. त्यातले एकही विधान खरे नाही.

जन्माची गोष्ट आधी पाहू. सीझरचा जन्म इ.स.पू. 100 मधला, आणि त्याची आई ऑरेलिया इ.स.पू. 54 पर्यंत, म्हणजे मुलगा गॉलमध्ये (आजच्या फ्रान्सच्या प्रदेशात) लढत असेपर्यंत, हयात होती. त्या काळी पोट चिरले जाई ते आई मृत किंवा मरणासन्न असतानाच. शिवाय त्याच्या वडिलांचेही आडनाव सीझरच होते आणि इ.स.पू. 208 मध्ये सेक्स्टस ज्युलियस सीझर हा प्रेटर (रोममधला वरिष्ठ न्यायाधिकारी) झाला होता. मग शंभर वर्षांनी जन्मलेल्या मुलामुळे हे नाव पडले असे कसे म्हणावे? घोळाचे मूळ प्लिनी या रोमन लेखकाच्या एका वाक्यात आहे. पोट चिरून जन्मल्याची कथा त्याने सांगितली ती घराण्यातल्या पहिल्या सीझरबद्दल. वाचणाऱ्यांनी ती सर्वांत प्रसिद्ध सीझरला चिकटवली. प्राचीन लेखकांनी दाट केस, निळसर डोळे, पूर्वजाने मारलेला हत्ती अशा इतरही व्युत्पत्ती दिल्या आहेत. खुद्द सीझरने इ.स.पू. 49 च्या सुमारास पाडलेल्या चांदीच्या नाण्यावर सर्पाला तुडवणारा हत्ती असून त्याखाली ‘सीझर’ एवढीच अक्षरे आहेत.

सम्राटपदाचे म्हणाल, तर तो तहहयात डिक्टेटर होता आणि इ.स.पू. 44 मध्ये मारला गेला. पहिला सम्राट ऑगस्टस.

वंशाचा दावा तर मुळीच टिकत नाही. सीझरची मुलगी ज्युलिया त्याच्या आधीच वारली आणि क्लिओपात्रापासून झालेल्या सीझेरियन नावाच्या मुलाला ऑक्टेव्हियनने ठार करवले. हा ऑक्टेव्हियन म्हणजेच पुढचा ऑगस्टस. तो सीझरच्या बहिणीचा नातू, आणि सीझर हे नाव त्याला मृत्युपत्रातील दत्तकविधानाने मिळाले. इ.स. 68 मध्ये सम्राट नीरोबरोबर ती दत्तकपरंपराही संपली, तरी रक्ताचा काहीही संबंध नसलेल्या सम्राट व्हेस्पेशियनने तेच नाव धारण केले, आणि आडनावाची पदवी झाली. माझ्या मते या घराण्याचा खरा वारसा हाच आहे. पदवी झाल्यामुळेच ते नाव परक्यांनाही घेता आले: अटकेजवळच्या आरा येथील खरोष्ठी लिपीतल्या शिलालेखात कुशाण राजा कनिष्क ‘महाराज’, ‘देवपुत्र’ यांच्या जोडीला ‘कैसर’ म्हणवतो, 1547 मध्ये रशियाचा चौथा इव्हान झार म्हणून राज्याभिषेक करवून घेतो, आणि 1877 च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया ‘कैसर-ए-हिंद’ होते. पंडिता रमाबाईंना 1919 मध्ये मिळालेले पदक याच नावाचे होते.