फाउंडेशन बदलून थरथर जाईलच असं नाही

दादा, सकाळी थरथरणाऱ्या पेट्रोल गाडीचे प्लग-कॉइल तपासा असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "सकाळी इंजिन थरथरतं म्हणजे फाउंडेशन (इंजिनखालचा रबरी आधार) गेलं. ते बदला, विषय संपला. प्लग-कॉइलचे उद्योग सांगून लोकांना घोळात कशाला घालता? परभणीसारख्या ठिकाणी स्कॅनर (गाडीतला बिघाड कोडमध्ये दाखवणारं यंत्र) घेऊन कोण बसलंय?"

फाउंडेशन जातं, वादच नाही. आपल्याकडचे रस्ते त्याला फार दिवस टिकूही देत नाहीत. पण ज्या गाडीबद्दल मी लिहिलं ती पहिला मिनिटभर थरथरते आणि मग गुपचूप शांत होते. फाटलेलं रबर मिनिटभरात सांधतं होय? फाउंडेशन गेलेली गाडी गरम झाल्यावरही उभ्या जागी थरथरते, एसी लावला की जास्तच. शंका असेल तर बॉनेट उघडा, गाडीसमोर कुणाला उभं करू नका, ब्रेक दाबून पहिल्या आणि रिव्हर्स गिअरमध्ये क्लच किंचित सोडा. इंजिन उसळी मारताना दिसलं तर खुशाल बदला.

मिनिटभराची थरथर म्हणजे बहुतेक वेळा एक सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नाही. आता कोणता? बीएस-६ गाडीला स्कॅनरचं सॉकेट असतंच, आणि मोबाईलला जोडायचा साधा स्कॅनर काहीशे रुपयांत मिळतो. पी०३०२ कोड आला तर दोन नंबरचा सिलिंडर. इंजिन बंद करून त्याची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती) तीन नंबरच्या कॉइलशी अदलाबदल करा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. यात दहाचा पाना लागतो, बस. (चालू इंजिनवर कॉइल उपसून बघणारे मिस्त्री आहेत. शॉक बसतो, आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या भागाची) वाट लावतं.)

कोड हलला नाही तर तोच प्लग काढून बघा, खरी गंमत तिथं आहे. काळा, पेट्रोलनं ओला असेल तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) रात्रभर ठिबकत असावा. बाकीचे मळकट आणि हा एकटाच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर कूलंट आत झिरपतंय, म्हणजे हेड गॅस्केटवर (इंजिनच्या दोन भागांमधल्या सीलवर) संशय. डिसेंबरच्या सकाळी परभणीत प्रत्येक सायलेन्सरमधून वाफ निघते, तिला भिऊ नका. पण गाडीखाली थेंब नसताना कूलंटची पातळी उतरत असेल, तर अशी गाडी लांब पळवू नका.

तुमच्या गाडीची थरथर फाउंडेशननं गेली म्हणता. ती गरम इंजिनवरही होती का, तेवढं कळवा.