‘काही नाही, घरीच असते’

आज सकाळी आमच्या एमबीएच्या ग्रुपवर एक एक्सेल फाइल आली. बॅच २००७-०९, जळगाव. गेल्या रविवारी गेट-टुगेदर झालं, तिथे प्रत्येकाने माइकवर जी ओळख करून दिली ती कुणीतरी नीट टाइप करून टाकलीय. नाव, कंपनी, डिझिग्नेशन, शहर, जोडीदार, मुलं. अडतीस नावं. चहा पिता पिता खाली सरकत गेले आणि एकविसाव्या ओळीवर थांबले. नाव वर्गातल्या एका मैत्रिणीचं. कंपनीच्या रकान्यात रेघ. डिझिग्नेशन: गृहिणी. जोडीदाराच्या रकान्यात: केळी व्यापार व ट्रान्सपोर्ट, सावदा.

ऑफिसला गेले, दिवसभर मीटिंगा केल्या, पण ती ओळ डोळ्यांपुढून हलेना. आता रात्री लिहायला बसलेय. पोस्ट मोठी होणार आहे.

रविवारचं सांगते. आसोद्याच्या बाजूला एका मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजत होती, धुराने सगळ्यांचे डोळे लाल. पुण्या-मुंबईचे आम्ही कळण्याच्या पुऱ्यांवर तुटून पडायच्या बेतात. मी हात धुवायला विहिरीकडे गेले, तर निंबाखाली ती पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती. डोक्यावर पदर, पर्स काखेत दाबलेली, दुसऱ्या हातात एक छोटी डायरी. मला वाटलं, घरचा फोन असेल. म्हणून थांबले.

पहिला फोन मुकादमाला. “दादा, गाडी मळ्यावर लागत नाही तोवर एकपण घड उतरवायचा नाही. कापून ठेवला आन् रात्रभर थंडीत पडला तर साल काळी पडते, मग तो दिल्लीवाला आपल्याच गळ्यात मारतो.” ठेवला. दुसरा दिल्लीच्या व्यापाऱ्याला, चक्क हिंदीत. आधीची गाडी धुक्यामुळे उशिरा पोचली म्हणून तो भाव पाडायला बघत असावा. ही म्हणाली, “सेठजी, कोहरा हमने नहीं भेजा. भाव गाडी भरते वक्त तय हुआ था, वही लगेगा. और पिछली दो गाड़ी का बाकी परसों तक डालो, फिर आगे की बात करेंगे.” आवाज चढला नाही, उतरलाही नाही. डायरीत काहीतरी लिहिलं. तिसरा फोन घरी, सासूबाईंची बीपीची गोळी फ्रिजवरच्या डब्यात आहे हे सांगायला.

सगळं मिळून नऊ-दहा मिनिटं. तेवढ्यात तिच्या नावाचा पुकारा झाला. डायरी पर्समध्ये टाकून ती गेली, माइक हातात घेतला आणि म्हणाली, “नमस्कार. मी काही नाही करत, घरीच असते. मिस्टरांचा केळीचा बिझनेस आहे. दोन मुलं.” आणि माइक पुढच्याला दिला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. याचाच राग सगळ्यात जास्त आहे, तो कुणावर काढू ते कळत नाहीये.

आपल्या लोकांना बाईच्या कामाची किंमत समजावून सांगायची गरज नाही, हे मी धरूनच चाललेय. आपण सगळे त्याच विचारांचे आहोत. मग त्या मळ्यात आपण अडतीस एमबीए बसलो होतो, व्यवसाय कशाला म्हणतात हे दोन वर्षं फी भरून शिकलेले, आणि समोर एक जण सोळा टनांच्या गाड्यांचा कारभार सांभाळते हे एकालाही दिसू नये?

आणि ती कोण होती हे तरी आठवा. फायनान्सच्या तासाला वर्किंग कॅपिटल, म्हणजे खेळतं भांडवल, सुरू होतं. सर फळ्यावर सूत्र मांडून दमले, कुणाच्या डोक्यात शिरेना. हिने बाकावरूनच सांगितलं होतं, “सर, बघा ना. आज शेतकऱ्याला पैसे द्यायचे, मजुरांना आजच, डिझेल आजच. केळी दिल्लीला चार दिवसांनी पोचणार, व्यापारी ती पिकवून विकणार आणि मग आपले पैसे टाकणार. तो मधला काळ ज्याच्या खिशाला झेपतो तोच धंदा करतो.” सगळा वर्ग गप्प. सर म्हणाले, आता पुस्तक मिटलं तरी चालेल. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, वडिलांची रावेर तालुक्यात केळीची बाग होती आणि बोर्डावर जाहीर होणारा भाव एक आणि हातात पडणारा भाव दुसरा, हे तिने लहानपणापासून पाहिलेलं होतं.

आमची बॅच तशी कमनशिबीच. दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाच, सप्टेंबर २००८ मध्ये, अमेरिकेत लेहमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडाली आणि आमच्या कॅम्पसला यायच्या कंपन्या इकडे फिरकल्याच नाहीत. ज्याला जे मिळालं ते त्याने धरलं. कुणी इन्शुरन्स विकला, कुणी मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांसाठी चोपडा-शिरपूरची खेडी मोटरसायकलवर पालथी घातली, कुणी क्लासेस काढले. तिला नाशिकचा एक जॉब मिळाला होता. पण अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मागेपुढे लग्न ठरलं, नाशिक राहिलं. निकाल लागला तेव्हा ती सावद्याला सासरी होती. वर्गात पहिली आलीय हे मी लँडलाइनवर फोन करून कळवलं, सासऱ्यांनी उचलला होता. म्हणाले, सांगतो तिला.

सकाळीच ग्रुपवर लिहिलं की एकविसावी ओळ चुकलीय, दुरुस्त करा. ज्याने फाइल केली तो म्हणाला, “तिने स्वतःच तसं सांगितलं ना?” बरोबर आहे त्याचं. त्या बिचाऱ्याने मळा ठरवण्यापासून आचाऱ्यापर्यंत सगळं एकट्याने केलं, त्याच्यावर ओरडून काय उपयोग. मग एक जण म्हणाली, “गृहिणी असणं काय कमीपणाचं आहे का?” नाही ना! माझी सख्खी वहिनी घर बघते आणि ताठ मानेने तसं सांगते. पण जी घर बघते तिला गृहिणी म्हणा आणि जी घरही बघते, धंदाही बघते तिलाही गृहिणीच म्हणा, मग दुसरीचा धंदा कुणाच्या नावावर गेला? शेजारच्याच रकान्यात गेला, नवऱ्याच्या. फाइल उघडून बघा.

तो माणूस वाईट नाही हो. मी त्यांना भेटलेय, पहाटे चारला उठून बागांवर जाणारा गडी आहे. कटाई, वजन, शेतकऱ्यांशी बोलणं सगळं त्यांचं. उधारी, हिशेब, दिल्लीशी भांडण हिचं. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदीने मजुरांना द्यायला रोकड नव्हती, तेव्हा हिने प्रत्येक मजुराचं नाव डायरीत लिहून किराणा दुकानदाराशी बोलून घेतलं आणि महिनाभर किराणा चालू ठेवला. हे मला तिने सांगितलं ते सहज, पापडाच्या लाट्या करताना सांगावं तसं. मी त्या वेळी पुण्यात एटीएमच्या रांगेत उभी होते, आणि माझं डिझिग्नेशन असिस्टंट मॅनेजर होतं.

दुसरं एक सांगायचंय, आणि ते लिहिताना राग थोडा खाली बसतोय. त्या रविवारी आणखी एक जण माइकवर म्हणाला, “सध्या स्वतःचं कन्सल्टिंग बघतोय.” सगळ्यांनी माना डोलावल्या. फाइलमध्ये त्याच्या ओळीत कन्सल्टंट आहे. जेवणं झाल्यावर गाडीकडे जाताना तो मला म्हणाला की आठ महिन्यांपासून घरी आहे, मुलाच्या शाळेच्या फीला बायकोचे दागिने ठेवलेत. त्याचं नाव सांगणार नाही, कुणी विचारूही नका. त्याच्याबद्दल मनात काहीच नाही. मी स्वतः २०१४ ते २०१६ मुलीसाठी घरी होते आणि माझ्या प्रोफाइलवर त्या दोन वर्षांसमोर कन्सल्टंटच लिहिलेलं आहे. एकही क्लायंट नव्हता.

म्हणजे आम्ही दोघांनी नसलेलं काम लिहिलं आणि तिने असलेलं काम पुसलं. आम्हाला कुणी विचारलं नाही, तिलाही कुणी विचारलं नाही.

आमच्या पदवीवर नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं, तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फोटो टाकले होते. ज्या आसोद्याच्या बाजूला भरीत खाल्लं ते बहिणाबाईंचं माहेर. ती बाई शेतात राबली, जात्यावर बसली, लिहिता येत नव्हतं. तिच्या ओव्या लेकाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या. त्या काळी कुणी एक्सेल भरली असती तर तिच्या ओळीत काय लिहिलं असतं? आणि आपण तर तिच्या नावाच्या विद्यापीठाचे पदवीधर.

संध्याकाळी शेवटी तिलाच फोन लावला. म्हटलं, अगं, त्या फाइलमध्ये तुझी ओळ मी बदलते, सांग काय लिहू. भागीदार लिहू? संचालक लिहू? ती हसली. म्हणाली, “अवं माय, माले कशाले पाहिजे ते? बिलबुकावर त्यायचं नाव आहे.” मी सोडलं नाही. म्हटलं, रविवारी निंबाखाली तू जे बोललीस ते मी सगळं ऐकलंय. मग ती जरा वेळ गप्प राहिली. मागे कुणाचा तरी आवाज, गाडी वळवायचा. “तू ऐकत होती का वं?” म्हणाली. आवाज एकदम बारीक, चोरी पकडल्यासारखा. मग म्हणाली, “त्यायले इचारून सांगते. नऊपर्यंत कळवते. आता ठेवते, वजन चालू आहे.”

नऊ वाजले, साडेनऊ वाजले. फाइल माझ्यापुढे उघडी आहे, तिचा रकाना मी पुसून कोरा ठेवलाय. आत्ता, दहाला पाच कमी असताना, तिचा मेसेज आला.

“गाडी निघाली. सोळा टन. भाव सोडला नाही. त्यांना अजून विचारलं नाही, जेवताहेत.”