साहित्यात बीए करताय? मग मूळ पुस्तक हातात घ्या

बारावीनंतर मराठी किंवा इंग्रजी साहित्य घेऊन बीए करायचंय असं घरात सांगितलं की एकच प्रश्न येतो, "आणि पुढे काय?" आमच्या नात्यात आणि ओळखीच्या घरांत सध्या यावरून बरंच काही चाललंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी नाशिकमध्येच मराठी साहित्यात बीए केलं. अनुवाद आणि मुद्रितशोधन यांवर माझं घर चालतं. त्यामुळे या पदवीची बाजू मी घेणारच.

पण आधी तक्रार. नेमलेलं एकही पुस्तक अथपासून इतिपर्यंत न वाचता साहित्याची पदवी मिळते. वर्गात कादंबरीचं कथानक सांगितलं जातं, पात्रांचे स्वभावविशेष मुद्द्यांत उतरवून दिले जातात, मागच्या बॅचच्या नोट्स झेरॉक्सवाल्याकडे तयार असतात. मुलं त्यावर पास होतात, चांगल्या गुणांनी होतात. यात मी मुलांना दोष देत नाही. ग्रंथालयात नेमलेल्या पुस्तकाच्या मोजक्या प्रती, तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत धावपळ करणारे सर-मॅडम, आणि सत्र सुरू झालं म्हणेपर्यंत अंतर्गत परीक्षा. पण यातून जे हरवतं ते फार मोठं आहे. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा मलाही मनापासून आनंद झाला. मात्र मराठी विषयाचा पदवीधर लीळाचरित्राचं, म्हणजे मराठीतल्या आद्य गद्यग्रंथाचं, एक पान न उघडता बाहेर पडत असेल, तर त्या दर्जाचं आपण काय करणार आहोत?

मूळ संहिता वाचायची म्हणजे काय, ते आपल्या गावातल्याच उदाहरणाने सांगते. पांडवलेणीला आपण सगळे जातो. तिथल्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, राज्याच्या 19 व्या वर्षी तिने हे लेणं भिक्खूंना दान दिलं आणि त्या निमित्ताने आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, वर्णन कोरवून घेतलं. इतिहासाच्या तासाला यातून राज्याचा विस्तार घेतात, क्षहरात या शत्रुवंशाचा पराभव घेतात, आणि ते बरोबरच आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याने मात्र आधी विचारायचं असतं की इथे बोलतंय कोण. बोलतेय एक आई. मुलाच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं ती सांगते, शत्रूंचा निःपात सांगते, आणि त्याच ओघात तो आईची सेवा कधी खंडू न देणारा होता हेही सांगते. एवढ्या पराक्रमांच्या यादीत ही गोष्ट तिला घालावीशी वाटली! मला तो लेख समजून घेताना इथेच थांबावंसं वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.

त्याच डोंगरात, दहाव्या लेण्यात, उषवदाताचे लेख आहेत. हा क्षत्रप नहपानाचा जावई, म्हणजे ज्या क्षहरात वंशाचं नाव पुसल्याचं बलश्री अभिमानाने सांगते त्याच घराचा माणूस. तोही आपली दानं मोजून सांगतो, 3 लाख गाईंसकट. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले की कोण काय सांगतंय, काय गाळतंय आणि कुणाला ऐकवायला, हे दिसायला लागतं. अशा वाचनाची सवय लागलेला माणूस पुढे जाहीरनामा वाचेल, करारनामा वाचेल, व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर वाचेल, तेव्हाही हेच प्रश्न विचारेल. साहित्याची पदवी मला याचसाठी मोलाची वाटते. नोट्समधून हे येत नाही, कारण तिथे प्रश्न दुसऱ्याच कुणीतरी विचारून, सोडवून ठेवलेले असतात.

बाबुराव बागुलांचं घ्या. जन्म 1930 चा, आपल्या विहितगावचा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेच हे वर्ष. त्यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह 1963 मध्ये आला. गाईडमध्ये त्याबद्दल 'दलित जीवनाचे विदारक चित्रण' असं छापलेलं असतं. ते खोटं नाही. पण रेल्वेत नोकरीला लागलेला, भाड्याच्या खोलीसाठी जात लपवावी लागणारा तो तरुण त्या चार शब्दांत नाही. प्रत्येक साध्या विचारपूशीला काय उत्तर द्यायचं, हा त्याच्या मनावरचा ताण कथा वाचतानाच अंगावर येतो. नाशिकमध्ये खोली शोधणारी किती मुलं आजही आडनाव सांगताना क्षणभर थांबतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी ही कथा विद्यार्थ्यांकडून वाचूनच घ्यावी.

इंग्रजी साहित्य घेणाऱ्यांनाही हे गाव कमी पडत नाही. 'किंग लिअर' अभ्यासक्रमात असेल तर आपल्या नाशिकच्या शिरवाडकरांचं 1970 चं 'नटसम्राट' सोबत वाचा. ते 'लिअर'चं भाषांतर नाही, म्हणूनच दोन्ही शेजारी ठेवण्यात मजा आहे. मॅक्बेथसोबत त्यांचंच 'राजमुकुट' घ्या.

आणखी एक गोष्ट, जी माझ्या फार जवळची आहे. आपल्याकडे सटाणा-मालेगावकडून अहिराणी बोलणारी मुलं येतात, सुरगाणा-पेठकडून कोकणा आदिवासींची कोकणी बोली बोलणारी येतात. शाळेत त्यांना 'नीट बोल' एवढंच ऐकायला मिळालेलं असतं. माझी बागलाणातली एक मैत्रीण पहिल्या वर्षी वर्गात तोंड उघडत नसे. भाषाविज्ञानाच्या पेपरात बोलीला स्वतःचं व्याकरण असतं, प्रमाणभाषा हीसुद्धा मुळात एक बोलीच, हे शिकल्यावर तिने आपल्या आजीच्या ओव्या वर्गात म्हणून दाखवल्या आणि त्यांतली क्रियापदं फळ्यावर मांडली. कुठला दुसरा अभ्यासक्रम मुलीला तिच्या आजीची भाषा अशी सन्मानाने परत देतो?

आता 'पुढे काय'. प्राध्यापकी डोळ्यांसमोर असेल तर एमए, सेट-नेट, आणि कायम जागांसाठी मोठी वाट पाहायची तयारी हवी, हे पालकांपासून लपवू नये. शाळेत शिकवायचं तर बीएड आहे. यूपीएससीला मराठी साहित्य हा वैकल्पिक विषय घेता येतो, प्रत्येकी 250 गुणांचे दोन पेपर. त्याशिवाय अनुवाद, सबटायटल्स, जाहिरात, पाठ्यपुस्तकांचं संपादन ही कामं आहेत; पैसा सुरुवातीला कमी असतो, चांगलं लिहिणाऱ्याला पुढे बरा मिळतो. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांनी पदवी घेऊन थांबता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं, तोही विचार करून ठेवा. गुण कमी पडले, दुसरीकडे कुठे जमलं नाही म्हणून कुणी मुलांना इकडे ढकलू नये. आणि ज्याला खरंच वाचायचंय त्याला अडवूही नये.

प्राध्यापक मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. एका सत्रात एक तरी पुस्तक वर्गात मोठ्याने, पूर्ण वाचा. अभ्यासक्रम थोडा मागे पडला तरी चालेल. अंतर्गत गुणांपैकी काही गुण तरी 'या पानावर तुला काय दिसलं' एवढ्याच प्रश्नाला द्या.

आणि यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी वर्ग सुरू होण्याआधी सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्यावं. 1840 पासूनची संस्था आहे, आपल्या गावाची आहे. सुरुवात बागुलांच्या कथांनी करा, मग लीळाचरित्र. लीळाचरित्राचं जुनं गद्य पहिली काही पानं अडेल. शेजारी शब्दार्थ असलेली आवृत्ती मागून घ्या आणि रोज दोनच लीळा, पण मोठ्याने वाचा.