एकदा कात्री तर लावून बघा!

लेकीच्या गणिताच्या पेपरात एका प्रश्नाला दोनपैकी शून्य. आकृतीवर लाल पेनाने भलीमोठी फुली आणि शेजारी शेरा, "पुस्तकातली आकृती पाहावी." प्रश्न होता 'घनाची घडण काढा.' एवढाच. घडण म्हणजे कापून दुमडली की घन तयार होतो अशी सपाट आकृती. पुस्तकातलीच काढा असं कुठे लिहिलं होतं?

लेकीने काय काढलं होतं ते ऐका. तीन चौरसांची एक रांग, तिच्याखाली तीन चौरसांची दुसरी, पण दोन घरं उजवीकडे सरकवलेली. दोन्ही रांगा फक्त एका कडेने जोडलेल्या. कापा, दुमडा, घन तयार! सहा चौरस कडेला कड लावून मांडायचे एकूण 35 प्रकार होतात, त्यातल्या फक्त 11 प्रकारांचा घन बनतो, आणि हा त्या 11 मधला एक आहे. पाचवीतल्या पोरीला हा सापडला कसा? कार्डपेपरचा घन घेऊन ती एकेक कड कापत गेली. बारापैकी सात कडा कापल्या की घन सपाट पसरतो, पाच जोडलेल्या राहतात. कोणत्या सात कापायच्या ते बदलत गेली, आणि जो आकार निघाला तो वहीत उतरवत गेली. कुणी सांगितलं नव्हतं, क्लासला जात नाही. आणि तिला शून्य!

मी शाळेत गेले. तीच आकृती कापून पर्समध्ये ठेवली होती. म्हटलं, बाई, तुम्हीच दुमडून बघा, अर्धं मिनिट लागेल. हातसुद्धा लावला नाही. "हो ताई, पण नमुना उत्तरात तशी नाहीये ना. सगळ्यांचे पेपर एकाच पद्धतीने तपासावे लागतात." अहो, पानिपतची लढाई 1761 साली झाली हे मुलांना पुस्तकावर विश्वास ठेवूनच मानावं लागतं, जाऊन बघता येत नाही. घडण तर तुमच्या समोरच्या टेबलावर, आत्ता, तपासता येते! खरंखोटं ठरवायला नमुना उत्तर लागत नाही, बाईही लागत नाहीत, कागद स्वतः सांगतो. शाळेच्या गणितात इतकी प्रामाणिक गोष्ट दुसरी नसेल, आणि तिचंच तुम्ही पाठांतर करून ठेवलंत.

खरा संताप पुढे आहे. तिच्याच बाकावरच्या मुलाला दोनपैकी दोन. त्याने चार चौरसांची उभी पट्टी काढली आणि उरलेले दोन्ही चौरस पट्टीच्या एकाच बाजूला जोडले. दुमडली तर एका बाजूला झाकणावर झाकण आणि दुसरी बाजू सताड उघडी. पण लांबून पुस्तकातल्यासारखी दिसते ना, मग बरोबर! त्या पोराचा यात काडीचाही दोष नाही. उलट त्याचं जास्त नुकसान झालंय, कारण आपलं चुकलं हे त्याला आता कुणीच सांगणार नाही.

आणि हे आजचं नाही. मागच्या सत्रातलं ते गाइड आठवलं की अजून डोकं फिरतं. वृत्तचितीच्या, म्हणजे डब्यासारख्या गोल नळकांड्याच्या घडणीत वर्तुळाची त्रिज्या 7 सेमी, आणि मधल्या आयताची लांबी लिहिलीय 14! 44 हवी हो, 44! परिघाएवढी! 14 सेमीचा कागद त्या वर्तुळाभोवती एक तृतीयांशसुद्धा फिरत नाही. शंकूची घडण म्हणून, वर्तुळातून कापलेली पाकळी हवी तिथे, चक्क एक त्रिकोण आणि खाली गोल. छापणाऱ्याने एकदा तरी कागद गुंडाळून बघितला होता का? वर्गात वाटलेल्या झेरॉक्सवर चौरस ताणून इतके आयत झालेले की त्या घडणीतून घन बनणारच नाही, आणि मुलांना 'निरीक्षण करा' म्हणून सांगायचं. कसलं निरीक्षण?

रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज, उद्या पाच त्रिमितीय आकार करून आणा. मग घरोघर आईबाप फेविकॉल घेऊन बसतात, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानातून तयार संच येतो, आणि सगळ्यात चकचकीत संच कपाटात मांडला जातो. मुलाच्या हातात कात्री कधी आली? शिष्यवृत्तीच्या क्लासमध्ये तर 'एक सोडून एक समोरासमोर', म्हणजे घडणीतला मधला एक चौरस सोडून पुढचा घनावर समोर येतो, एवढं घोकून घेतात. सरळ पट्टीत ते बरोबरच आहे. पण घडण नागमोडी आली, की तीच मुलं पर्यायांकडे बघत बसतात, कारण मनात कागद दुमडायची सवयच कुणी लावलेली नसते.

अल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराने 1525 मध्ये असे त्रिमितीय आकार सपाट उलगडून छापले होते. इतका जुना विषय, तरी संपलेला नाही. कोणताही बहिर्वक्र बहुपृष्ठक, म्हणजे सपाट पृष्ठांचा आणि कुठेही आत न दबलेला त्रिमितीय आकार, कडांवर कापून, एकसंध आणि पृष्ठं एकमेकांवर न चढता उलगडता येतोच का, हा गणितज्ञ जेफ्री शेफर्ड यांनी 1975 साली मांडलेला प्रश्न आजही सुटलेला नाही. 'कुठे कापलं तर कसं उलगडेल' हेच त्यात विचारलंय, आणि माझी पोर जमिनीवर बसून तेच करत होती. काल मला म्हणाली, "आई, पुढच्या वेळी मी पुस्तकातलीच काढते." आतून तुटलं माझं. दोन गुण गेले तर गेले. हे वाक्य तिच्या तोंडी कुणी घातलं?

सोमवारी मुख्याध्यापकांना भेटणार आहे. अकराच्या अकरा घडणी कापून नेणार, सोबत चिकटपट्टी. त्यांच्यासमोर एकेक दुमडल्याशिवाय खुर्चीतून उठणार नाही. आणि दुसरी मागणी त्या बाकावरच्या मुलासाठी. त्याचे गुण अजिबात कापू नका, पण त्याची आकृती त्याच्याच हातात द्या, कात्री द्या, आणि तो दुमडेपर्यंत त्याच्याजवळ बसा.