‘असलं वाचून मत बदलत नाही’ म्हणणाऱ्या जुन्या वाचकांना

‘एक जुना वाचक’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, लेखाखाली तशीच आहे. ज्यांना शोधायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लैंगिक विषयांवरच्या लेखनाने आपल्याकडची सामाजिक आणि राजकीय मतं घडवली, असं मी गेल्या लेखात म्हटलं होतं. त्यावर हे लिहितात, ‘असलं वाचून कुणाचं मत बदलत नाही बाई, माणसं फक्त चाळवतात.’ शिवाय, र. धों. कर्व्यांचं संततिनियमन आणि लैंगिक प्रश्नांवरचं मासिक वाचत होतं कोण. कुटुंब नियोजन सरकारने लोकसंख्येच्या धास्तीने आणलं, मासिकांमुळे नव्हे. आणि मतं घडवायचीच झाली तर पिवळ्या पुस्तकांनीही घडवली, ती बायकांच्या बाजूची होती का? शेवटी आहेर: ‘शिवाजी पार्कच्या गॅलरीत बसून क्रांती होत नसते.’

मी दहिसरला राहते. गॅलरीत वॉशिंग मशीन आहे, बसायला जागा नाही.

आणि ते ‘बाई’. माझ्याच वयाच्या एका पुरुष ब्लॉगरच्या लेखाखाली तुम्ही दर वेळी ‘सर’ लिहिता, तेही याच टोपणनावाने. तिथे मतभेद असला तरी ‘सर, थोडं वेगळं वाटतं’ इतकी मऊ भाषा. इथे मात्र एकदम ‘बाई’ आणि ‘असलं’. टीका जरूर करा, माझी हरकत नाही, पण ही काय पद्धत झाली?

एक मान्य करते. लेखाचं शीर्षक भडक होतं आणि लोकांनी उघडून वाचावं म्हणूनच तसं दिलं होतं. झालं समाधान?

आता ‘मत बदलत नाही’. र. धों. कर्व्यांनी 1927 साली मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि 1953 मध्ये जाईपर्यंत चालवलं. त्यापायी खटले झाले, दंड भरला. 1934 च्या खटल्याचा विषय काय होता? वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरं. (वाचकांना उत्तरं देण्यातला धोका मला आज नव्याने कळतोय.) हायकोर्टात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पण पुढे चारच वर्षांनी, 1938 च्या नोव्हेंबरात, मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तो बाबासाहेबांच्याच पक्षाकडून. तोही फेटाळला गेला. तरी जो विषय लोक कुजबुजत बोलायचे तो आधी कोर्टात आणि मग सभागृहात मोठ्याने बोलला गेला ना? आणि याची सुरुवात कुठून झाली? मासिकाच्या पानांवरून. मासिक फारसं खपत नव्हतं म्हणता, मग सरकार त्याच्या मागे का लागलं होतं?

दुसरं, घरचं. माझ्या वडिलांची गिरगावात सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. काउंटरखाली एक कप्पा होता, त्यातल्या पुस्तकांना वर्तमानपत्राची कव्हरं आणि पाठीवर नावाऐवजी नुसता नंबर. शाळा सुटली की रजिस्टर लिहायला मी बसायचे, त्यामुळे कोण काय नेतं ते मला पाठ. पुरुष पिवळी पुस्तकं न्यायचे, खरं आहे. पण त्याच कप्प्यात एका डॉक्टरांचं विवाहितांसाठीचं पुस्तक होतं. ते बायका न्यायच्या, दिवाळी अंकात घालून. आमच्या मजल्यावरच्या एका काकूंनी ते नेलं, परत केलं आणि पुन्हा मागायला आल्या. तीन मुली झालेल्या, सासूला नातू हवा. एके दुपारी त्या आईला हळूच विचारत होत्या, ‘तांबी बसवली तर यांना कळतं का हो?’ बसवली त्यांनी. सासूबाई शेवटपर्यंत गुरुवार करत राहिल्या. आता सांगा, बाईला किती मुलं व्हावीत हे कोणी ठरवायचं, हा प्रश्न राजकीय नाही तर काय स्वयंपाकाचा आहे? माणसं चाळवत असतीलही. चाळवलेल्या माणसाला डोकं नसतं का? तुम्ही असल्या किती रजिस्टरी लिहिल्यात?

तिसरं, निनावी लिहिण्याबद्दल. रखमाबाईंनी 1885 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाहाविरुद्ध पत्रं लिहिली ती ‘एक हिंदू स्त्री’ अशी सही करून. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, नांदायला जायला नकार दिलेला, नवऱ्याने कोर्टात खेचलेलं. 1887 मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी नाव झाकलं ते समजतं. तुमच्यावर कोणता खटला चालू आहे? त्या सगळ्या वादानंतर 1891 मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, मुलीशी शरीरसंबंधासाठीचं किमान वय दहावरून बारावर गेलं, आणि त्या विधेयकाला टिळकांनी कडाडून विरोध केला. नवराबायकोच्या खोलीतल्या गोष्टीवरून महाराष्ट्रात जहाल-सुधारक अशी दुफळी पडली. आणि तुम्ही म्हणता मतं बदलत नाहीत! 2007 मध्ये विधिमंडळात गदारोळ होऊन शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली, तीही वाचून कुणाला काही होत नाही म्हणूनच का?

राहिले तुमचे इतर मुद्दे. लोकसंख्येचं म्हणाल तर तो स्वतंत्र विषय आहे. पिवळ्या पुस्तकांचं म्हणाल तर त्यांची वकिली मी केलेली नाही, त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारीही माझी नाही.

तुमची काल रात्री आलेली दुसरी प्रतिक्रिया मी रोखून ठेवली आहे. त्यात माझ्या वडिलांच्या धंद्याविषयी एक वाक्य आहे. ते काढा आणि पुन्हा पाठवा, लगेच छापते.