विचारणारं कोणी असलं की

सोसायटीच्या मीटिंगमधून आत्ताच घरी आलेय आणि डोकं तापलंय. विषय पार्किंगचा होता, पण आमच्याकडे पार्किंगचा विषय अर्ध्या तासात देशाच्या कारभारावर जातोच. मंत्रालयातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले एक साहेब आमच्या विंगमध्ये राहतात. एरवी सज्जन माणूस. आज मात्र म्हणाले, "हे लोकायुक्त, माहिती अधिकार वगैरे प्रकार आल्यापासून अधिकारी निर्णयच घेईनासे झालेत. सही करायला घाबरतात. राज्य चालवायचं असेल तर अधिकाऱ्यावर विश्वास टाकायला शिका."

आणि लोकांनी माना डोलावल्या! ज्यांना साधं मालमत्तापत्रकावर नाव लावून घ्यायला वर्ष घालवावं लागलं, त्यांनीसुद्धा. मी तिथे बोलले नाही, कारण बोलले असते तर पार्किंगचा ठराव बारगळला असता आणि आमची गाडी अजून वर्षभर रस्त्यावर राहिली असती. म्हणून इथे लिहितेय. लांबेल, सांगून ठेवते.

घाबरून निर्णय घेत नाहीत म्हणे. मग माझ्या मावशीच्या फायलीवर निर्णय न घेणारे कोणाला घाबरत होते?

काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. कुठल्या जिल्ह्यात ते सांगत नाही, कारण तो कुठलाही असू शकतो. नोकरीत असतानाच हार्ट अटॅकने गेले. मावशीचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायला हवं होतं, ते एका वाक्यावर अडकलं: "वेतन पडताळणी बाकी आहे." म्हणजे काकांचा पगार नोकरीभर नियमाप्रमाणे ठरवला गेला होता का, हे सेवापुस्तक बघून तपासायचं. सेवापुस्तक तालुक्याहून जिल्ह्याला जायचं, त्रुटी काढून परत यायचं, पूर्तता करून पुन्हा जायचं. आता पगार ठरवण्यात चूक झालीच असेल तर ती कार्यालयाची. काकांनी स्वतःची वेतननिश्चिती स्वतः केली नव्हती! पण उपाशी कोणी राहायचं, तर मावशीनं.

आणि अशा वेळी तात्पुरतं निवृत्तिवेतन देता येतं. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतच ती सोय आहे. मावशीला हे कोणीही सांगितलं नाही. ती आपली जायची, टेबलापाशी उभी राहायची, "भाऊसाहेब, जरा बघता का" म्हणायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायची.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. तिथे कोणी पैसे मागितले नाहीत. भाऊसाहेब तिला बसायला खुर्ची द्यायचे, चहा पाजायचे. लाच मागितली असती तर आम्ही लाचलुचपतवाल्यांकडे तरी गेलो असतो. इथे तक्रार कशाची करणार? सगळे चांगले वागत होते आणि काम होत नव्हतं.

लोकशाही दिनात अर्ज दिला. महिन्याचा पहिला सोमवार, जिल्हाधिकारी कार्यालय, सगळं रीतसर. अर्जाचं काय झालं? ज्या कार्यालयाविरुद्ध तक्रार, त्याच कार्यालयाला "योग्य त्या कार्यवाहीसाठी" रवाना. तिथून उत्तर आलं: वेतन पडताळणी बाकी आहे. झालं!

शेवटी माझ्या मावसभावानं लोकायुक्तांकडे, म्हणजे सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्यांकडे, अर्ज टाकला. मंत्रालयासमोरच्या प्रशासकीय भवनात यांचं कार्यालय असतं. आमच्यातल्या कोणाला खरंच वाटत नव्हतं की काही होईल. लोकायुक्त म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? २०११ चं रामलीला मैदान, अण्णांचं उपोषण, मंत्री, घोटाळे. पण महाराष्ट्राचा लोकायुक्त कायदा त्याच्या कितीतरी आधीचा, १९७१ चा, वसंतराव नाईकांच्या काळातला. देशात प्रत्यक्ष लोकायुक्त बसवणारं पहिलं राज्य आपलं, १९७२ साली. आणि त्या कायद्यात भ्रष्टाचाराच्या आरोपांबरोबर साध्या गाऱ्हाण्यांचीही सोय होती: कोणी पैसे खाल्ले नसतील, पण गैरकारभारामुळे तुमच्यावर अन्याय झाला असेल, तरी दाद मागता यायची. मावशीसारख्यांसाठीच होती ती. आपण सगळ्यांनी आरोपांचा भाग डोक्यात ठेवला आणि गाऱ्हाण्यांचा विसरून गेलो.

तर पुढे काय झालं? कोणी निलंबित झालं नाही. टीव्हीवर बातमी आली नाही. वरून एक पत्र आलं की या प्रकरणाचा अहवाल पाठवा. एवढंच. पण या वेळी विचारणारा त्या साखळीतला नव्हता. कागदपत्रं मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्याच्याकडे. आणि त्यानं विचारलं ते असं की तात्पुरतं निवृत्तिवेतन का दिलं नाही? या प्रश्नाला "पडताळणी बाकी आहे" हे उत्तर चालत नाही. कारण ती तरतूद पडताळणी वगैरे बाकी असतानाच वापरायची असते! पहिल्यांदाच कोणाला तरी कारण लिहायला बसावं लागलं, आणि लिहायला बसल्यावर कळलं की कारणच नाही.

मावशीचे पैसे सुरू झाले. पण मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. त्या कार्यालयानं तशीच अडकलेली बाकीची प्रकरणंही बाहेर काढली. नाहीतर उद्या त्या बायकाही मुंबईला अर्ज टाकतील, ही भीती असेल. असू दे की. भीतीनं का होईना, कर्मचारी सेवेत वारला तर आधी तात्पुरतं निवृत्तिवेतन आणि मग पडताळणी, असा तिथला शिरस्ता पडला. मावसभाऊ त्याच पंचायत समितीत कामानिमित्त जातो, त्याच्याकडून कळतं. ज्या बाईचा नवरा आज जातो, तिला लोकायुक्त हा शब्दही माहीत असायची गरज नाही.

साहेब, याला निर्णय सुधारणं म्हणतात. एका फायलीचा निकाल लागला म्हणून नाही, तर पुढच्या फायलीवर टिपणी लिहिताना माणूस "हे कोणी विचारलं तर काय सांगू" असा विचार करायला लागला म्हणून.

आणि आता ऐका. भाऊसाहेब नंतर मावशीला काय म्हणाले माहितीये? "ताई, बरं झालं पत्र आलं. मी टिपणी आधीच तयार ठेवली होती. वर पाठवली की 'कशाला घाई, उद्या जास्त दिलेल्या पैशांची वसुली निघाली तर कोण जबाबदार' म्हणून परत यायची." हे मावशीनं सांगितलं तेव्हा माझा त्या माणसावरचा राग गेला. काम करायची इच्छा असलेला तो एकटा बाबू होता, त्याच्या हातात काहीच नव्हतं, आणि त्या पत्रानं त्याला आधार दिला. "लोकायुक्तांकडून विचारणा झाली आहे" असं फायलीवर लिहिलं की वरचा गप्प. म्हणजे ज्याला निर्णय घ्यायचाय त्याला उलट बळच मिळतं. घाबरतो तो फाईल दाबून बसलेला. आणि तो घाबरला तर माझी काय हरकत आहे?

हो, मान्य आहे, लोकायुक्त फक्त शिफारस करू शकतात. मान्य आहे, त्यांच्याकडेही वेळ लागतो, आणि त्या खुर्चीवर कोण बसतं यावर पुष्कळ अवलंबून असतं. पण शिफारस ऐकली नाही की काय होतं तेही बघा.

माझी भाची नेदरलँड्सला असते, तिच्याकडून ऐकलेली गोष्ट. तिकडे पाळणाघराच्या खर्चासाठी सरकार पालकांना भत्ता देतं. तिथल्या करखात्यानं फसवणुकीच्या संशयावरून लोकांचे भत्ते बंद केले, दिलेले पैसे परत मागितले, लहानसहान कागद नाही म्हणून हजारो युरोंची वसुली लावली. २०१७ साली तिथल्या राष्ट्रीय लोकपालांनी अशा २३२ कुटुंबांच्या बाबतीत स्पष्ट अहवाल दिला की हे वागणं अन्यायाचं आहे, भरपाई द्या. सरकारनं तो मनावर घेतला नाही. मग निघालं की अशी कुटुंबं शेकड्यांत नाहीत, हजारोंच्या घरात आहेत. लोकांची घरं गेली, संसार मोडले, आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. २३२ कुटुंबांच्या वेळीच ऐकलं असतं तर? गळणाऱ्या छपराखाली पहिली बादली ठेवतानाच वर बघायचं असतं.

आणि तिथेही कोणी एक खलनायक नव्हता. भाऊसाहेबांच्या कार्यालयासारखंच, प्रत्येक जण आपल्या टेबलापुरता बरोबर होता. नियम चुकतोय हे टेबलामागे बसून दिसत नाही. ज्याच्याकडे वेगवेगळ्या गावांहून तेच गाऱ्हाणं घेऊन माणसं येतात, त्यालाच ते दिसतं. मावशीला वाटत होतं की तिचंच नशीब फुटकं. तिला कुठे माहीत होतं शेजारच्या तालुक्यात तशीच दुसरी बाई बसलीय.

म्हणून मला आपल्याकडच्या चर्चेचा वैताग येतो. नवा लोकायुक्त कायदा करायचं ठरलं. २०२२ च्या डिसेंबरात नागपूरला विधानसभेत विधेयक मंजूर झालं, विधान परिषदेत व्हायला पुढचं वर्ष उजाडलं. सगळी चर्चा एकाच गोष्टीची: मुख्यमंत्री कक्षेत आले की नाही. आले. उत्तम झालं, यायलाच हवे होते. पण वेतन पडताळणीत अडकलेल्या बाईच्या आयुष्यात मुख्यमंत्री येत नाहीत हो. तिच्या आयुष्यात येतं ते कार्यासन, म्हणजे फाईल असलेलं टेबल, टिपणी आणि त्रुटी. त्याबद्दल कोणी एक अवाक्षर काढल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. ना सत्ताधाऱ्यांकडून, ना विरोधकांकडून, ना आपल्या चॅनेलांकडून. भ्रष्ट माणूस पकडला की टाळ्या मिळतात. निष्काळजी माणसाला लिहायला बसवलं, तर त्याची बातमी कशी करणार!

विश्वास टाका म्हणे. मावशीनं टाकला होता ना. काकांनी आयुष्यभर ज्या खात्याची नोकरी केली त्याच्यावरच टाकला होता. त्या विश्वासावर ती किराणावाल्याकडे उधारी करत होती.

१९७१ च्या कायद्यातली रचना बघा. शिफारशीवर समाधानकारक कारवाई झाली नाही तर लोकायुक्तांनी राज्यपालांना विशेष अहवाल द्यायचा आणि सरकारनं तो आपल्या स्पष्टीकरणासह दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा. किती चांगली रचना! आणि आपण तिचं काय केलं? अहवाल पटलावर आला की गठ्ठ्यात गेला. माझ्या ओळखीच्या एकानंही त्यातलं एक पान वाचलेलं नाही, आणि आमदारांचं काय विचारता.

मला दुसरं काही नको. प्रत्येक अधिवेशनात एक अख्खा दिवस या अहवालांना द्या. कुठल्या खात्याविरुद्ध तेच ते गाऱ्हाणं पुन्हा येतंय ते वाचून दाखवा. शिफारस मान्य नसेल तर नका मान्य करू, पण त्या खात्याच्या मंत्र्यानं उभं राहून का नाही ते स्वतःच्या तोंडानं सांगायचं, आणि ते कामकाजात नोंदवलं जायला हवं. शेवटच्या दिवशी गोंधळात कागद पटलावर ठेवायचा आणि राष्ट्रगीत म्हणून घरी जायचं, हे चालणार नाही.