बिटकॉइन घेण्याआधी कारागिराची मजुरी डोळ्यांसमोर आणा

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधली आपली पोरं आता इन्स्टाग्रामवरून थेट परदेशी गिऱ्हाईक गाठतात, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण त्यातले काहीजण 'बिटकॉइन चालेल', म्हणजे इंटरनेटवरच्या या आभासी नाण्यात पैसे दिले तरी चालतील, असंही लिहायला लागलेत. दुकानांचे हिशोब लिहिण्यात माझं आयुष्य गेलंय, म्हणून काळजीनं बोलतोय.

भाव वर-खाली होण्याला कोल्हापूर भीत नाही. गुजरीतला सराफ रोजच्या दरावरच धंदा करतो. पण आज दहा ग्रॅम सोनं विकलं, की आजच्याच दरानं तो तेवढं परत भरून ठेवू शकतो. चपलेचं तसं नाही. कातडं रुपयांत येतं, दुकानाचं भाडं रुपयांत जातं आणि कारागिराची आठवड्याची मजुरीही रुपयांतच द्यावी लागते.

समजा, २,००० रुपयांचा जोड विकला आणि सगळा खर्च जाऊन ३०० उरले. आठवड्यात बिटकॉइन २० टक्के उतरला, तर ४०० गेले. म्हणजे नफा तर गेलाच, वर १०० पदरचे. २० टक्के हा आकडा मी फुगवून सांगत नाही. १२ मार्च २०२० ला एका दिवसात भाव तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कोसळला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० डॉलरच्या आसपास असलेला बिटकॉइन वर्षभरात १६,००० वर आला.

"काका, वाढला तर?" असं विचारतात. वाढला तर आनंदच, पण ती कमाई चपलेची नाही, सट्ट्याची. त्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे, आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कुठल्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. एप्रिल २०२२ पासून हाच नियम आहे. जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसची, म्हणजे विक्रीच्या वेळीच कापल्या जाणाऱ्या कराची, भानगड वेगळीच.

आलेलं नाणं लगेच विकून टाकलं, तरी एक्स्चेंजची, म्हणजे ही नाणी जिथं विकायची त्या ऑनलाइन बाजाराची, फी आणि खरेदी-विक्रीच्या दरातला फरक त्या ३०० मधूनच जातो. शिवाय एक्स्चेंज बुडालं तर? जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवर डल्ला पडला आणि लोकांची क्रिप्टो, म्हणजे अशी आभासी नाणी, वर्षाहून जास्त काळ अडकून पडली. स्टीमसारख्या मोठ्या गेम विक्रेत्यानं तर डिसेंबर २०१७ मध्येच भावाची उलथापालथ आणि वाढलेली फी ही कारणं देऊन बिटकॉइन घेणं बंद केलं.

परत आलेल्या मालाचा तर कुणी विचारच करत नाही. चपलेत माप चुकणं नेहमीचंच. जोड परत आला, तेव्हा भाव वाढलेला असेल तर गिऱ्हाईक नाणी मागणार, पडलेला असेल तर बिलावरची रक्कम. दोन्हीकडून दुकानदारच मरतो. आधी 'परतावा बिलाच्या रकमेइतकाच' असं लेखी ठरवलं नसेल, तर भांडणाला तोंडच फुटलं म्हणून समजा.

आणि निर्यातीचं तर सरळ आहे. परदेशात विकलेल्या मालाचे पैसे अधिकृत बँकेतूनच यावे लागतात. बिटकॉइनच्या ऑनलाइन पाकिटात (वॉलेटमध्ये) आलेल्या नाण्यावर बँक पैसे आल्याचं प्रमाणपत्र देत नाही, आणि त्याशिवाय कागदोपत्री ती निर्यात उधारच राहते. म्हणून पोरांनो, परदेशी ऑर्डर आली की आधी आयात-निर्यात कोड काढा, आपल्या बँकेत परकीय चलन बघणाऱ्या साहेबांना भेटा, आणि गिऱ्हाईकाला बँकेचा तपशील पाठवा. कागदपत्रं समजत नसतील तर माझ्याकडे या, मी बसून करून देतो.